मध्यबिंदू

'मध्य' हा शब्द तुम्ही नेहमी ऐकता. मध्यरात्र, मध्यान्ह, मध्यस्थ हे शब्द त्यावरूनच तयार झाले आहेत. गणितात दोन बिंदूंच्या बरोबर मध्ये असलेल्या बिंदूला 'मध्यबिंदू' म्हणतात. उर्दूत तुम्ही ज्याला 'नुक्ता' म्हणता, तोच मराठीतला बिंदू.

होटगी हे सोलापूर जिल्ह्यातील रेल्वे जंक्शन आहे. येथून एक मार्ग वाडीकडे व दुसरा विजापूरकडे जातो. रेल्वेने मुंबईपासून सोलापूर सुमारे ४५५ किलोमीटर आणि होटगी सुमारे ४७० किलोमीटर अंतरावर आहे. या दोन स्थानकांच्या मध्यावर कितवा किलोमीटर येईल?

काही मुले चटकन वजाबाकी करतात. ४७० − ४५५ = १५, त्याचे निम्मे साडेसात. पण थांबा! साडेसातवा किलोमीटर तर मुंबईतच आहे. साडेसात हे अंतर झाले, स्थान नव्हे. ते सोलापूरपासून पुढे मोजा : ४५५ + ७.५ = ४६२.५. आता दोन्ही संख्यांची बेरीज निम्मी करा : ९२५ ÷ २ = ४६२.५. उत्तर तेच आले! म्हणून मध्य काढताना बेरीज करायची आणि दोनने भागायचे.

आलेख कागदावर बिंदूला दोन सहनिर्देशक असतात. तेथे हीच कृती दोनदा करा. समजा, अ (२, ३) आणि ब (८, ११) हे बिंदू आहेत.

(२ + ८) ÷ २ = ५
(३ + ११) ÷ २ = ७

मध्यबिंदू म (५, ७). आता पडताळा पाहू. अ पासून म कडे जाताना ३ घरे उजवीकडे आणि ४ घरे वर जावे लागते. म पासून ब कडे जातानाही तेवढेच. पायथागोरसच्या प्रमेयाने दोन्ही अंतरे ५ येतात.

हीच रीत भारताच्या नकाशावर वापरू. आपला देश ६८°७′ ते ९७°२५′ पूर्व रेखांशांच्या दरम्यान पसरला आहे. बेरीज १६५°३२′, निम्मे ८२°४६′. भारताची प्रमाणवेळ या मध्याजवळच्या ८२°३०′ रेखांशावरून ठरते. ती १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. पृथ्वीला १ अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. म्हणून ८२°३०′ वरून आपली वेळ ग्रीनिचच्या बरोबर साडेपाच तास पुढे येते. ८२°४६′ घेतला असता, तर ती ५ तास ३१ मिनिटे ४ सेकंद आली असती.

होटगी या रेषेच्या पश्चिमेस सुमारे साडेसहा अंशांवर आहे. त्यामुळे तेथे सूर्य सर्वांत उंच येतो, तेव्हा घड्याळात सरासरी १२ वाजून २६ मिनिटे झालेली असतात. अरुणाचल प्रदेशात मात्र बारा वाजण्यापूर्वीच मध्यान्ह होते. मध्य निवडला, की टोकाच्या कोणाचेच अगदी तंतोतंत जुळत नाही. पण कोणाचे फार बिघडतही नाही.

शब्दार्थ
सहनिर्देशक – बिंदूचे स्थान सांगणाऱ्या संख्या
पडताळा – उत्तर बरोबर आहे का ते तपासणे
मध्यान्ह – सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ
तंतोतंत – अगदी बरोबर

स्वाध्याय
१. 'साडेसात' हे उत्तर का चुकले? दोन वाक्यांत लिहा.
२. (−४, ६) आणि (१०, २) यांचा मध्यबिंदू काढा.
३. एक टोक (१, २) व मध्यबिंदू (४, ६) आहे. दुसरे टोक शोधा.
४. मध्यरात्र, मध्यस्थ, पडताळा हे शब्द वाक्यांत वापरा.