डिकी लावून घेऊ नका

बेंगळुरूला मुलीकडे गेलो होतो तीन आठवड्यांसाठी, राहिलो पाच. परत आलो तेव्हा तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ होती. किल्लीचं बटण दाबलं, तर गाडी ना हूं ना चूं. बायको सामानाच्या पिशव्या धरून उभी. म्हणाली, "अहो, दोनशे व्होल्टची बॅटरी आहे म्हणून तुम्हीच सगळ्या सोसायटीला सांगत फिरता ना?"

सांगत फिरत होतो हे खरं. पण हायब्रिड गाडीत बॅटऱ्या दोन असतात, हे मी स्वतःच विसरलो होतो. मोठी बॅटरी गाडी ओढते. पण गाडी बंद केली की सुरक्षेसाठी तिचं कनेक्शन रिलेने तोडलं जातं. ते रिले पुन्हा जोडायचे तर बारा व्होल्ट लागतात, आणि ते देते दुसरी, छोटी, साधीसुधी बॅटरी. वाड्यात धान्याची कोठारं भरलेली असली, तरी दिंडीची कडी आतून काढणारा गडीच झोपला तर आपण बाहेरच. माझा गडी झोपला होता.

या बॅटरीला इंजिन फिरवायचं जड काम नसतं, म्हणून ती लहान असते. माझी ४५ अँपिअर-अवरची. तिला चार्ज करायला अल्टरनेटरही नसतो. मोठ्या बॅटरीचा दाब उतरवून एक कन्व्हर्टर तिला चार्ज करतो, तेही डॅशबोर्डवर 'रेडी' लागलेलं असेल तेव्हाच. बंद गाडीत बसून गाणी ऐकत भाजीवाल्याची वाट पाहणारे माझ्यासारखे लोक तिला फक्त उतरवत असतात. त्यात मी हौसेने डॅशकॅम बसवून घेतला होता, पार्किंगमध्येही चालू राहणारा. कागदावर हिशेब मांडला. गाडीचा स्वतःचा झिरपता करंट धरून १८० मिलिअँपिअर. म्हणजे ४५ भागिले ०.१८, अडीचशे तास. साडेदहा दिवसांत बॅटरी पूर्ण रिकामी. आम्ही पस्तीस दिवस बाहेर होतो.

आता ती बॅटरी आहे कुठे? डिकीत, उजव्या बाजूच्या पॅनेलमागे. डिकी उघडते विजेवर. वीज आहे त्या बॅटरीत.

किल्लीच्या पोटात एक लोखंडी किल्ली लपलेली असते. तिने ड्रायव्हरचा दरवाजा उघडला. मागची सीट पाडली आणि त्रेसष्टाव्या वर्षी रांगत डिकीत शिरलो. डिकीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक छोटं झाकण असतं, त्यामागे खटका. तोंडात टॉर्च धरून तो शोधायला दहा मिनिटं गेली. डिकी उघडली, पॅनेल काढलं, दहा नंबरच्या पान्याने मायनसची वायर सोडवली आणि चार्जर आणायला वर निघालो. सोसायटीतलं मांजर गाडीत शिरेल म्हणून जाता जाता सवयीने डिकी लावून टाकली.

टक्क आवाज झाला तेव्हा उजेड पडला. ड्रायव्हरचा दरवाजा उघडाच होता, म्हणून फक्त दुसऱ्यांदा रांगावं लागलं. दरवाजे लॉक आणि लोखंडी किल्ली डिकीत, असं झालं असतं तर काच फोडायचीच वेळ होती. म्हणून काम चालू असेतो डिकीच्या खाचेत जाडसर फडकं कोंबून ठेवा आणि किल्ली खिशात.

मल्टिमीटर लावला तर पाच व्होल्ट. धडधाकट बॅटरी १२.६ च्या वर दाखवते. १२ च्या आसपास आली की ती जवळजवळ रिकामी. पाच म्हणजे खोल खड्डा. माझा ऑटोमॅटिक चार्जर इतकी उतरलेली बॅटरी ओळखतच नव्हता, लाल दिवा लावून गप्प. इथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. कोपऱ्यावरच्या बॅटरीच्या दुकानातला मुलगा जुना, ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर घेऊन आला आणि "काका, तासाभरात करून देतो," म्हणत त्याने बटण 'फास्ट'वर फिरवलं. अर्ध्या तासात बॅटरीची कड हाताला चटका देऊ लागली आणि तळघरात कुजक्या अंड्यांचा वास सुटला. हा वास आला की आधी भिंतीवरचा स्विच बंद करायचा, चिमट्यांना मग हात लावायचा; बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनला एक ठिणगी पुरते. बॅटरी फुगली होती. ती एजीएम जातीची, सीलबंद. पाणी घालून सुधारण्यातली नव्हे. अशा बॅटरीला क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे चारेक अँपिअरचा करंट द्यायचा, एजीएमची सोय असलेल्या चार्जरने, आणि रात्रभर वाट पाहायची. मायनस काढून चार्ज करायची की जोडलेली ठेवून, हे गाडीगणिक बदलतं; गाडीची पुस्तिका काढून बघा.

नवी बॅटरी साध्या गाडीच्या बॅटरीपेक्षा जवळजवळ दुप्पट किमतीची निघाली. दुकानदार स्वस्तातली साधी बॅटरी "बसवून देतो" म्हणत होता. तेवढं मात्र ऐकलं नाही. बॅटरी माणसांच्या बाजूला असल्यामुळे तिचा गॅस बाहेर सोडायला एक बारीक नळी असते. साध्या बॅटरीला ती जोडायची जागाच नसेल तर तो गॅस आपल्याच नाकाशी. बदलल्यावर नळी पुन्हा लागली का, हे स्वतः वाकून बघावं.

आणि मेकॅनिक आला तो हसायलाच लागला. "काका, डिकीत कशाला शिरलात?" त्याने बॉनेट उघडलं, फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं आणि लाल टोपीखालचा प्लसचा पॉइंट दाखवला. डिकीत बॅटरी असलेल्या बऱ्याच हायब्रिडमध्ये तो असतो. लाल चिमटा तिथे, काळा इंजिनाजवळच्या उघड्या लोखंडावर, सगळ्यात शेवटी. स्टार्टर फिरवायचा नसल्याने दुसऱ्या गाडीचा थोडासा करंट पुरतो. मात्र तळघरातल्या अंधारात प्लस-मायनसची अदलाबदल झाली तर मुख्य फ्यूज जातो, आणि नशीब वाईट असेल तर हजारोंचं इलेक्ट्रॉनिक्सही. टॉर्च लावून '+' डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चिमटा लावू नये. नारिंगी आवरणाच्या वायरींकडे तर फिरकूच नये. रात्रभर चार्जिंगसाठी बॉनेट उघडं टाकणं मला पटत नाही. आमच्याकडचे उंदीर वायरीवर पोसलेले आहेत.

बॉनेटखालच्या या पॉइंटचं कळल्यावर शेजारचे देशपांडे जंपर केबल घेऊन हजर. त्यांची डिझेल गाडी सुरू करून द्या म्हणे. नाही म्हटलं. डिझेलचा स्टार्टर काही शे अँपिअर ओढतो, आणि माझ्या गाडीचा तो बिचारा कन्व्हर्टर त्यासाठी नाही. दोन दिवस ते बोलले नाहीत.

आता डॅशकॅम गाडीबरोबरच बंद होतो. आठवड्यातून एकदा गाडी वर, मोकळ्यावर आणून तासभर 'रेडी'त ठेवतो. तळघरात नाही, कारण इंजिन मनात येईल तेव्हा आपोआप सुरू होतं आणि धूर तिथेच कोंडतो. दिवाळीत पुन्हा बेंगळुरू. या वेळी मायनस काढूनच जाणार आहे. त्याआधी डिकीतली छत्री आणि बायकोची शाल तेवढी वर आणायची आहे.