विषाणूचा पेशीप्रवेश

एच्.आय्.व्ही. हा विषाणु पेशींत शिरल्यावांचून वाढूंच शकत नाहीं. अभंग कातडीचा वरचा थर मृत पेशींचा. तेथें त्यास वाट नाहीं. म्हणून रोग्याचा हात हातीं घेण्यांत भय कसलें? त्याचा रोख रक्तांतील रक्षक पेशींवर असतो. आवरणावरील जीपी १२० हें प्रथिन तेथील सीडी ४ या ग्राहकास चिकटतें. परंतु एवढ्यानें दार उघडत नाहीं! तें प्रथिन आकार पालटून सीसीआर ५ किंवा सीएक्ससीआर ४ हा दुसरा ग्राहक धरतें. हा शोध १९९६ चा. मग जीपी ४१ हें जोडीदार प्रथिन भाल्यासारखें पेशीच्या पटलांत घुसतें, दुमडतें, आणि दोन्ही पटलें एकजीव होतात. २००७ सालीं मान्य झालेलें मॅराव्हिरॉक हें औषध सीसीआर ५ ची वाट अडवितें. सीएक्ससीआर ४ धरणाऱ्या विषाणूपुढें मात्र त्याचें कांहीं चालत नाहीं.