अर्धे घर अंधारात

लाईट गेली, असे आपण म्हणतो. पण कुठली गेली, ते पाहत नाही. साऱ्या गावची गेली, अर्ध्या गावची गेली, की आपल्याच दोन खोल्यांची गेली? दोष कुठे असेल, ते यावरूनच कळते.

२०२२ सालच्या श्रावणातली गोष्ट सांगतो. पाऊस लागून राहिला होता. दिवेलागणीला आमच्या ओटीवरचा दिवा गेला. त्याच क्षणी स्वयंपाकघरातलाही गेला. माजघरात मात्र लख्ख उजेड! मेनच्या फळीवरचा खटका पाहिला, तर तो वरच होता.

पुतण्या म्हणाला, "काका, बल्ब गेला असंल." त्याने स्वयंपाकघरात नवा बल्ब लावून पाहिला. तोही पेटेना. मीही म्हटले, दोन बल्ब एका क्षणी कसे जातील? मग तो स्टुलावर चढला. बल्ब काढला आणि पेचकस घेऊन होल्डर उघडायला निघाला. मेन बंद केलाच नव्हता. म्हणाला, "हितं करंटच न्हाई, तर भ्यायचं कशाला?"

माझी थोरली बहीण, आक्का, चुलीपाशी बसली होती. ती ओरडली, "थांब रं लेकरा! आधी टेस्टर लाव." तिच्या सासरी मळ्यात तुटलेल्या तारेवर पाय पडून एक बैल जागच्या जागी गेला होता. त्या तारेवर कुठला दिवा पेटत होता? ती ते विसरली नव्हती.

पुतण्याने आधी माजघरातल्या चालू प्लगमध्ये टेस्टर लावून पाहिला. तो पेटला, म्हणजे टेस्टर चांगला होता. मग होल्डरच्या एका टोकाला लावला. पेटला. दुसऱ्या टोकाला लावला. तिथेही पेटला! पोरगा मुकाट्याने खाली उतरला आणि त्याने मेन बंद केला.

असे का झाले? दिव्याला दोन तारा लागतात. एकीला फेज म्हणतात, दुसरीला न्यूट्रल. सोपे करून सांगायचे, तर एकीने वीज येते आणि दुसरीने परत जाते. रहाटाची माळ जशी एका बाजूने खाली जाते नि दुसऱ्या बाजूने वर येते, तसेच. माळ कुठेही तुटली की पाणी बंद. तार कुठेही तुटली की दिवा बंद. पण न्यूट्रल तुटली असेल, तर फेजमधली वीज होल्डरपर्यंत येऊन उभीच असते. आमच्या ओटीच्या दिव्याचे बटण चालू होते. त्या दिव्यातून वीज तुटक्या न्यूट्रलमध्येही शिरली होती. म्हणून टेस्टर दोन्हीकडे पेटला. घरातली वीज २३० व्होल्टची असते. माणूस मरायला ती पुरते.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने होल्डरला हातही लावला नाही. त्याने विचारले, "या दोन खोल्यांची तार येते कुठून?" ती माजघरावरून येत होती. तिथली जोडपेटी उघडली, तर आत न्यूट्रलचा सांधा काळा पडलेला. कोणी तरी पूर्वी तारा नुसत्या पिळून वर पट्टी गुंडाळली होती. सांधा सैल झाला, तापला आणि सुटला. त्याच्या अलीकडे उजेड, पलीकडे अंधार. बघा, दोष होता माजघरात आणि आम्ही शोधत होतो स्वयंपाकघरात!

तेव्हा एकच दिवा गेला, तर बल्ब बदलून पाहा. तोही बटण आणि मेन बंद करून. दोन-तीन खोल्या एकदम गेल्या, तर फळीवरचा खटका पाहा. पडला असेल तर एकदा वर करा. लगेच पुन्हा पडला, तर तसाच राहू द्या. जुन्या घरांत फ्यूज असतो. तिथे काही जण जाड तांब्याची तार घालतात. ते फार वाईट. मग फ्यूज जळत नाही, भिंतीतली तार जळते. खटका वर असून खोल्या अंधारात असतील, तर मेन बंद करा नि वायरमनला बोलवा. मेन बंद केला, तरी मीटरकडून मेनपर्यंत येणारी तार जिवंतच असते. तिला हात नको.

अर्धे गाव गेले, तर दोष बहुधा बाहेरचा. डीपीवरून तीन फेज निघतात. काही घरे एकीवर, काही दुसरीवर. एक गेली की तेवढीच घरे अंधारात. अशा वेळी एखादा हुशार गडी काठी घेऊन डीपीकडे निघतो. त्याला धरून ठेवा. १९१२ या क्रमांकावर तक्रार करा. आणि कुठे दिवे मंद, कुठे डोळे दिपतील इतके प्रखर, असे दिसले, तर खांबावरची न्यूट्रल सुटलेली असू शकते. तेव्हा वाट पाहू नका, मेन लगेच खाली करा. नाही तर टीव्ही, फ्रीज सगळे जळेल.

आमच्या वायरमनने ओटी नि स्वयंपाकघर वेगळ्या खटक्यावर घेऊन दिले. कोणता खटका कशाचा, हे अंधारात कोण सांगणार? त्याच वर्षी आक्का अक्षरे शिकली होती. तिने दोन चिठ्ठ्या लिहून फळीवर चिकटवल्या. एकीवर 'माजघर', दुसरीवर 'सैपाकघर आनि ओटी'. मी त्या दुरुस्त केल्या नाहीत. आज घरी गेल्यावर तुम्हीही एकेक खटका खाली करून पाहा. कोणता दिवा जातो ते पाहा आणि तशी चिठ्ठी लिहून लावा.