तिशीतला गुडघा

आईबाबांनो,

तिशी-पस्तिशीतला मुलगा जिना उतरताना कठडा धरू लागला की घरोघरी तेच ऐकू येतं : "या वयात कसले रे गुडघे दुखतात?" मग खापर फुटतं खुर्चीवर, मोबाइलवर आणि वडापाववर. वजनाचा वाटा आहेच, घराण्याचाही असतो. पण फिजिओथेरपिस्ट म्हणून मी आधी विचारते, शाळा-कॉलेजात गुडघ्याला मार लागला होता का? बऱ्याचदा कबड्डी निघते.

चढाई करणारा मध्यरेषेकडे वळतो आणि त्याच क्षणी कुणीतरी त्याचा घोटा पकडतो. पाय जागेवर, धड वळलेलं. सगळा पीळ गुडघ्यात. आतलं लिगामेंट तुटतं, कधी दोन हाडांमधली गादीही फाटते. फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये तर कुणाचा धक्काही लागावा लागत नाही, उडीवरून वाकडं उतरलं तरी पुरतं. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे.

त्यावर आपले उपाय कोणते? आंबेहळदीचा लेप, क्रेप बँडेज, फार तर एक्स-रे. हाड शाबूत म्हटल्यावर सगळे निश्चिंत. अहो, एक्स-रेत लिगामेंट दिसतच नाही! सूज उतरते, पोर पुन्हा मैदानात.

हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, म्हणून ती एकदा बिघडली की नीट भरून येत नाही. तिच्यात मज्जातंतूही नसतात, त्यामुळे झीज सुरू झाली तरी बरीच वर्षं पत्ता लागत नाही. अशा दुखापतीनंतर दहा ते वीस वर्षांत जवळपास निम्म्या जणांच्या गुडघ्यात ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे आपण आजीचा समजतो तो संधिवात, दिसू लागतो. पंधराव्या वर्षी पडलेल्या मुलाचं वय तुम्हीच मोजा. ऑपरेशन केलं म्हणजे हा धोका संपला, असंही नाही.

म्हणून मार लागल्यावर काही तासांतच गुडघा टम्म सुजला, किंवा पुढे चालताना तो मधेच दगा देऊ लागला, तर मालिशवाल्याकडे जाऊ नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, ते सांगतील तर एमआरआय करा. ऑपरेशन होवो न होवो, मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम कित्येक महिने चालतो. आणि इथेच आपण कच खातो. दहावी आली की पहिली सुट्टी फिजिओथेरपीला! उलट जिल्हास्तरीय सामने आले की प्रशिक्षकांना घाई. लिगामेंटच्या ऑपरेशननंतर निदान नऊ महिने तरी सामना नको, हे तुम्हालाच ठामपणे सांगावं लागेल.

खेळ मात्र बंद करू नका. उड्या, नीट उतरणं, तोल सांभाळणं असा पंधरा-वीस मिनिटांचा सराव खेळाआधी नियमित केला तर अशा दुखापती कमी होतात. शाळेत तो घेतात का, पालकसभेत विचारा. गुणांबद्दल विचारतोच की आपण.

आणि ज्यांची मुलं आज तिशीत आहेत, त्यांनी "आता आराम कर" म्हणू नये. बेताचा, नियमित व्यायाम दुखऱ्या गुडघ्यालाही हवा असतो. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार हलका होतो. फक्त सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, बोटांचे सांधेही सुजत असतील, तर तो झिजेचा नव्हे, वेगळा संधिवात असू शकतो. त्यासाठी संधिवाततज्ज्ञांकडे लवकर जा. त्याची औषधं निराळी असतात आणि ती वेळेत सुरू झाली तर सांधे वाचतात.