चोपदाराचा दंड

ईश्वराचे चिंतन एकांतात करावे, असे पुष्कळांस वाटते. महाराष्ट्रातील वारकऱ्यांनी मात्र शतकानुशतके ही साधना हजारोंच्या मेळ्यात केली आहे.

ज्येष्ठ वद्य अष्टमीस ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आळंदीहून निघते आणि सुमारे २५० किलोमीटरांची वाट चालून आषाढी एकादशीपूर्वी पंढरपुरास पोहोचते. गावोगावच्या दिंड्या रथाच्या पुढे व मागे ठरलेल्या क्रमाने चालतात. या सोहळ्यास ही शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी लावून दिली. दिंडीत विणेकरी, टाळकरी, मृदंगवादक आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया असतात. ज्याला अभंग पाठ नाही, तो शेजाऱ्याच्या मुखातून शिकतो. जो थकला, त्याचे पाऊल टाळांच्या ठेक्यावर पुढे पडते.

मुक्कामाच्या तळावर सायंकाळी समाजआरती होते. पालखीभोवती दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळमृदंगांचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार आपला दंड उंच करतो आणि तो अफाट समुदाय क्षणात शांत होतो. परंतु एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, तिचे गाऱ्हाणे ऐकून घेतो व समाधान करतो. ते टाळ थांबले, की हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते आणि मग आरती होते.

असे असूनही एक गाऱ्हाणे पंढरपुरात शतकानुशतके तसेच राहिले होते. संत चोखामेळा हे विठ्ठलाचे थोर भक्त. परंतु अस्पृश्य मानले गेल्यामुळे त्यांना मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. त्यांच्यानंतरही कित्येक पिढ्यांना कळसाचेच दर्शन घेऊन परतावे लागले. हा अन्याय दूर व्हावा म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण आरंभिले. अखेर मंदिराचे दार सर्वांसाठी उघडले.

सोबतीने भक्तीस बळ येते, हे वारी शिकविते. पण सोबत म्हणजे नुसती गर्दी नव्हे. ज्या समुदायात शेवटच्या माणसाचेही गाऱ्हाणे ऐकले जाते, त्याचीच आरती खऱ्या अर्थाने सर्वांची होते.

स्वाध्याय

१. समाजआरतीच्या वेळी एखादी दिंडी आपली तक्रार कशी कळविते?
२. साने गुरुजींनी उपोषण का केले?
३. ‘सोबत म्हणजे नुसती गर्दी नव्हे’, हे विधान तुमच्या शाळेतील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.