कोकिळेची साक्ष

‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात दुष्यंत शकुंतलेला ओळखत नाही, तेव्हा गौतमी म्हणते की तपोवनात वाढलेल्या या मुलीला कपट ठाऊकच नाही. त्यावर राजा कोकिळेचा दाखला देतो : ती आपली पिले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेते, पक्षिणीलाही न शिकवता हे साधते, मग बुद्धी असलेल्या स्त्रीचे काय सांगावे! गौतमी संस्कारांवर बोट ठेवते, राजा जन्मावर.

कोकिळेपुरते राजाचे निरीक्षण बिनचूक आहे. कावळ्याच्या घरट्यात अंडे घालायला तिला कोणी शिकवत नाही. कावळ्याने भरवलेला नरही पुढे ‘कुहू’च करतो. (गातो तो नर, आपले कवी श्रेय मादीला देतात.) पण यात कपट कोठे आहे? लोरेन्झ व टिनबर्गन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेला रानहंसीचा अभ्यास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. घरट्याबाहेर घरंगळलेले अंडे दिसले की हंसी मान लांबवून चोचीने ते आत ओढू लागते. मध्येच अंडे काढून घेतले, तरी मान आत वळतच राहते! अशा क्रियेला ना वात्सल्य म्हणता येते, ना लबाडी. या दोघांना १९७३ मध्ये फॉन फ्रिश यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

शिवाय सगळे पक्षी कोकिळासारखे नसतात. केंब्रिजच्या थॉर्प यांनी चॅफिंच पक्ष्याची पिले जातभाईंपासून दूर वाढवली, तेव्हा ती गायली खरी, पण ओबडधोबड. गाण्याची ओढ उपजत, चाल मात्र ऐकून उचललेली.

माणसातही उपजत वर्तन आहे. नवजात अर्भक तळहाताला लागलेले बोट घट्ट धरते. जन्मतः अंध आणि बधिर मुलेही हसतात. जर्मनीत आयबल-आयबेसफेल्ड यांनी त्यांची छायाचित्रेच घेतली. परंतु हे हसू साऱ्या मनुष्यजातीचे आहे. व्यक्तीच्या स्वभावातही आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे मान्य. त्यावरून ‘अमुक जात मुळातच हिशेबी’, ‘बायका जात्याच चंचल’ असे ठरवणे म्हणजे दुष्यंताचीच री ओढणे होय. ‘खाण तशी माती’ ही म्हण स्थळे पाहताना आजही प्रमाण मानली जाते!

भाषेचेच पाहा. बोबडे बोल काढण्याची ओढ प्रत्येक मूल घेऊन येते. पण मराठी आईबापांचे मूल जन्मापासून तमिळ घरात वाढले, तर ते तमिळच बोलेल, आणि तेही शेजारच्या मुलांइतकेच अस्खलित.