पडवीचे छप्पर आणि जुनी भिंत

जिल्हा परिषदेची शाळा असो, अंगणवाडी असो की ग्रामपंचायतीचे कार्यालय, इमारत उभी राहिल्यावर काही वर्षांतच तिच्यापुढे पडवीची उणीव भासू लागते. मुलांना दुपारच्या जेवणास सावली हवी, दाखल्यासाठी आलेल्या माणसास पावसात आडोसा हवा. गरज खरीच आहे. काम लहान म्हणून आराखडा कोणी मागत नाही. चार खांब, काही लोखंडी अँगल व पन्हळी पत्रे यांची जुळणी गावातील कारागिराच्या अंदाजाने होते आणि छपराची मागील कड जुन्या भिंतीस अडकविली जाते. या अडकविण्यातच सगळी मेख आहे.

बांधणाऱ्याच्या मनात छपराचे वजन असते. वस्तुतः अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला ५ किलोच्या आतबाहेर, म्हणजे अगदीच थोडे. खरा भार वाऱ्याचा, आणि तो खालून वर येतो. पडवी तीन बाजूंनी मोकळी व चौथ्या बाजूस भिंत अशी असते. समोरून शिरलेला वारा भिंतीवर आदळतो, त्यास वाट मिळत नाही, म्हणून तो पत्रे वर ढकलतो. त्याच वेळी छपरावरून वाहणारा वारा त्यांना वर ओढतो. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात घरांचे व शाळांचे पत्रे उडाले, त्यामागे हेच कारण होते.

भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात संकल्पनासाठी वाऱ्याचा मूळ वेग मुंबईस सेकंदाला ४४ मीटर व पुण्यास ३९ मीटर धरलेला आहे. नागपूरसाठीही तो ४४ मीटरच आहे, हे किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनी विसरू नये. या ४४ मीटर वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो. वीस फूट लांब व दहा फूट रुंद पडवीखाली एवढा दाब कोंडला असे धरल्यास वर उचलणारा जोर दोन टनांहून अधिक भरतो. पत्र्यांचे वजन मात्र ९० किलोच्या आसपास. यातील निम्मा जोर पुढच्या खांबांनी आणि निम्मा मागच्या भिंतीने धरून ठेवावयाचा असतो. दीड फूट लांब-रुंद व दोन फूट खोल काँक्रीटचा पाया सुमारे ३०० किलोंचा होतो. असे चार पाये घातले व खांब त्यांत नीट रोवले, तर पुढची बाजू कशीबशी सांभाळली जाते. फरशीवर पट्टी ठेवून खिळलेला खांब हे काम करू शकत नाही.

आता भिंतीकडे वळू. सिमेंटमध्ये बांधलेली नऊ इंची पक्क्या विटांची भिंत असल्यास अँगल आरपार बोल्टने आवळावा आणि आतील बाजूस पोलादी चकती द्यावी, म्हणजे ओढ एका विटेवर न येता अनेक विटांत विभागली जाते. जांभ्याच्या भिंतीत भोक चिऱ्याच्या मध्यभागी घ्यावे, सांध्यात घेऊ नये. केवळ गिलाव्यात अथवा सांध्यात ठोकलेली लाकडी गुट्टी व खिळा यांवर विसंबणे म्हणजे संकटास आमंत्रण होय. भिंत मातीची अथवा मातीच्या सांध्याची असेल तर तिच्यावर काहीही अडकवू नये. भिंतीपासून फूटभर अंतरावर खांबांची दुसरी रांग पायासह उभारावी. खर्च वाढतो हे खरे. परंतु जुनी भिंत ओढून बाहेर पडली तर ती खाली बसलेल्या मुलांवर पडते.

अनेक ठिकाणी आणखी एक प्रकार आढळतो. नवे पत्रे मूळ छपराच्या वळचणीखाली सारून तेथील वाशांच्या टोकांना तारेने बांधतात. दिसावयास सोयीचे, पण वादळात पडवी उडताना मूळ छपरासही सोबत घेऊन जाते. दोन्ही छपरे परस्परांपासून स्वतंत्र असलीच पाहिजेत.

पाण्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. दहा फूट रुंदीस दोन फूट उतार पुरे. पत्रे शेजारी दीड पन्हळ एकमेकांवर चढवावेत. बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर, वायसर घालून बसवावेत, खोलगट भागात नव्हे. भिंतीलगतच्या फटीवर पत्र्याची वाकविलेली पट्टी घ्यावी. तिची वरची कड भिंतीत इंचभर खोल खाच पाडून सिमेंटने बुजवावी व खालची कड पत्र्यांवर वीतभर उतरू द्यावी. नुसता डांबराचा थर एका उन्हाळ्यात तडकतो, मग पाणी भिंतीत मुरते आणि बोल्ट गंजतात.

सार्वजनिक इमारतीच्या बाबतीत ग्रामसभेने ठराव करण्यापूर्वीच जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागातील अभियंत्यास भिंत दाखवावी. अंदाजपत्रकात पाये, आरपार बोल्ट व चकत्या यांची बाब स्वतंत्र लिहून घ्यावी. पत्र्यांच्या किमतीत ती दडली की प्रत्यक्षात गळून पडते. काम झाल्यावरही दरवर्षी मृग लागण्यापूर्वी मुख्याध्यापक व ग्रामपंचायत सदस्य यांनी शिडी लावून प्रत्येक बोल्ट हाताने तपासावा, ढिला असल्यास आवळावा आणि गंजलेला बदलावा.